बाग शांत आहे, एअर वॉकर नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कुईं-कट्ट, कुईं-कट्ट. मिनिटाला साधारण ४५ वेळा, सकाळी ६.२० ते ६.५०. जुळे सोलापुरातल्या आतल्या गल्लीतल्या या बागेबद्दल बाकीचं मागाहून. नोव्हेंबर ते जून, आठवड्याचे पाच दिवस वापरून झाल्यावर पहिली नोंद या आवाजाचीच. ओपन जिममधल्या एअर वॉकरची, म्हणजे उभ्याउभ्या पाय पुढे-मागे झुलवायच्या मशीनची, बेअरिंग गेली आहे. यंत्रमागाच्या गावात, जिथे नुसत्या आवाजावरून माग कुठे कोरडा पडलाय हे सांगणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील, तिथे एक बेअरिंग आठ महिने ग्रीस मागत बसली आहे.

बाग एकरभराची. आराखडा पाठ असेलच: कडेने ट्रॅक, मधे हरळी, एका कोपऱ्यात घसरगुंडी, दुसऱ्यात जिम. सकाळी ५.३० ते ९.३०, संध्याकाळी ४.३० ते ८.३०. तिकीट नाही. स्वच्छतागृह आहे, कुलूपही आहे. पाण्याची बाटली घरून न्यावी.

ट्रॅकची एक फेरी मोजून ३०० पावलं, म्हणजे जवळपास २१० मीटर. ४ किलोमीटरसाठी १९ फेऱ्या. मोबाइलच्या आकड्यावर विसंबू नये; इतक्या लहान वळणांत तो कोपरे कापून जोडतो आणि अंतर कमी दाखवतो. १९ फेऱ्या मोजताना गोंधळ होतो, तर खिशात १९ चिंचोके ठेवून दर फेरीला एक दुसऱ्या खिशात टाकावा. फुकटात काम होतं, चार्जिंग लागत नाही.

शांततेचं म्हणाल तर गावात याहून मोठ्या, देखण्या जागा आहेत. भुईकोट किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे, सिद्धेश्वर तलावाचा काठ आहे, विजापूर रोडला कंबर तलाव आहे, तिथे हिवाळ्यात पक्षीही येतात. पण तिथे माणूस फिरायला जातो, इथे बसायला. दोन्हींची तुलना करून इथे भेळेची गाडी नाही म्हणून गुण कापणाऱ्यांनी सरळ तलावावर जावं. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेला सगळं गाव होम मैदानाकडे लोटतं, तेव्हा तर संध्याकाळी इथे पाचसहा डोकी मिळाली तरी खूप. फेब्रुवारीपासून तांबट सुरू होतो, टुक-टुक-टुक, एका तालात, थकल्याशिवाय. मार्चअखेर कोकीळ. तांबटाचा आवाजही तसा ठोक्याचाच, पण तो कानाला टोचत नाही. एअर वॉकरचा टोचतो, कारण त्याच्या प्रत्येक झोक्यात दोन वेगळे आवाज आहेत आणि दुसरा कधी येणार हे कानाला आधीच कळलेलं असतं.

आता बाकं. इथे मत बदललं ते सांगायला हवं. हिवाळ्यात लिहिलं असतं तर नैर्ऋत्येच्या लिंबाखालचं सिमेंटचं बाक पहिल्या नंबरवर ठेवलं असतं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या डावीकडे २४-२५ अंशांवर मावळतो, तो लिंबाच्या आड. मे-जूनमध्ये तो तितकाच उजवीकडे, वायव्येला सरकतो. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा जवळजवळ ५० अंशांनी हलते. झाड तिथेच, बाक तिथेच, आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी ५ वाजता ऊन सरळ तोंडावर. उन्हाळ्यासाठी बाक निवडायचं तर त्याच्या वायव्येला झाड आहे का ते पाहावं. इथे त्या दिशेला दोन करंज आहेत. करंज मार्चमध्ये पानं टाकतो तेव्हा आठदहा दिवस फसवतो, पण एप्रिलमध्ये नवी पालवी येते आणि मेमध्ये तीच सावली दाट होते. गुलमोहराच्या भरवशावर राहू नये. ऊन तापू लागतं त्या मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या नुसत्या काटक्या असतात, आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या आधी मोडतात. आभाळ भरून आलं की त्याच्याखालून उठावं, फुलं कितीही छान असोत.

बाकाचा मालही पाहावा. सिमेंटचं जाड बाक दिवसभर ऊन पितं आणि रात्री ८ पर्यंत सोडत राहतं. सोलापूरच्या मेमध्ये पारा ४२-४३ ला असताना त्यावर ६ वाजता बसणं म्हणजे तव्यावरची भाकरी होणं. लोखंडी पट्ट्यांचं बाक दुपारी जास्त तापतं, पण पातळ असल्याने सावली आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात निवतं. बाग संध्याकाळी ४.३० ला उघडते, तेव्हा उन्हाळ्यात आधी फेऱ्या, मग ५.३० नंतर लोखंडी बाक. सिमेंटवरच बसायचं असेल तर टॉवेलची चौपदरी घडी. टॉवेल कुठला हे सोलापूरकराला सांगायला नको. जूनमध्ये लिंबाखाली बसण्याआधी हात फिरवून पाहावा; पिकलेल्या लिंबोळीचा चिकट डाग पांढऱ्या कपड्यावरून सहज जात नाही.

ट्रॅकबद्दलही आधी वेगळं वाटलं होतं. मुख्य दारापासून पहिले ६०-७० मीटर पेव्हर ब्लॉक, पुढे मुरूम. पाहताक्षणी वाटतं, पैसे संपले आणि मुरुमावर भागवलं. मेअखेर वळवाचे दोन पाऊस झाले आणि हिशेब उलटला. खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि पाया उथळ असला की ब्लॉक वरखाली होतात. जिथे ब्लॉकचा कोपरा उचललाय तिथे चपलेचा पुढचा भाग अडकतो, जिथे दबलाय तिथे पाणी साचतं. दाबून बसवलेल्या मुरुमात पाणी निचरतं. रात्री पाऊस झाला तरी सकाळी चालता आलं. गुडघेवाल्यांनीही मुरूमच धरावा, पावलाला थोडी लवचिकता मिळते. तोटा एकच, फेब्रुवारी ते मे धुरळा. पाणी मारलं तर बसेल, पण ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे ट्रॅकवर पाणी मारा म्हणायला जीभ रेटत नाही. बोअरचं पाणी आहे, ते जड. ठिबकच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि दर तिसरं झुडूप उपाशी राहतं. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पडू द्यावी. मुळं जिवंत असतात, दोन पावसांत हिरवी होते.

दिव्यांचा टायमर ६.३० ला लावून ठेवलेला आहे, बाराही महिने. नोव्हेंबरात सूर्य ५.५० च्या आतबाहेर मावळतो, तेव्हा दिवे लागण्याआधी वीस मिनिटं ट्रॅक दिसत नाही. मेमध्ये मावळतीला ७ वाजत येतात, तेव्हा अर्धा तास उन्हात दिवे.

तर, एअर वॉकर. दोन पाय, प्रत्येक पाय वरच्या आडव्या शाफ्टवर लोंबकळणारा, प्रत्येक पायाच्या नळीत दोन बेअरिंग. एकूण चार. या मशीनमध्ये ६२०४ नंबरची आहे: आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७, रुंदी १४. बाजारात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते, माग-मोटारीवाल्यांकडे तर हमखास. चार मिळून खर्च हजाराच्या आत.

ती लवकर का जाते? बेअरिंग गोल फिरण्यासाठी असते. इथे पाय फक्त पुढे-मागे झुलतो. आतले छर्रे त्याच तेवढ्या टप्प्यात येरझाऱ्या घालतात, त्या जागेतलं ग्रीस बाजूला सरतं ते परत येत नाही, आणि रिंगेवर तिथेच खाचा पडतात. त्यात टोकाचं प्लास्टिकचं झाकण पहिल्या सहा महिन्यांत गायब. मग धुरळा आत, पावसाचं पाणी आत, सफाईच्या नळीचा फवारा आत. उरलेलं काम ऊन करतं, रबरी सील कडक होऊन चिरते.

यावर लोक तेल सोडतात. खोबरेल, शिलाई मशीनचं, एकदा तर वासावरून करडईचं. कृपा करून सोडू नका. पातळ तेल उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतं, दोन दिवस आवाज बंद, तिसऱ्या दिवशी त्याच तेलात धूळ कालवून घासायची पेस्ट तयार. आवाज जाड झाला की समजावं, कुणीतरी उपकार केले आहेत.

तपासायचं असं: मशीन रिकामं असताना पायपट्टी धरून आडवी हलवायची. खाली बोटभर लचक असेल तर बेअरिंग संपली, ग्रीसने भागणार नाही. लचक नाही आणि नुसता आवाज आहे तर नट फार आवळलाय किंवा बेअरिंग नुकतीच कोरडी पडली आहे. बदलायला दोन माणसं आणि तासभर. एकाने पाय धरायचा, दुसऱ्याने नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज सैल न होणारा) काढून शाफ्ट ओढायचा. जुनी बेअरिंग आतून लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेर, नळी केरोसिनने पुसून कोरडी. नवी घेताना नंबरापुढे २आरएस पाहावं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची, ती पंख्याला ठीक, पावसात नाही. बसवताना पाइपाचा तुकडा बाहेरच्या रिंगेवर ठेवून ठोकायचं. आतल्या रिंगेवर ठोकलं की नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी वाजते, आणि मग सगळे म्हणतात, माल डुप्लिकेट होता. नट असा आवळायचा की पाय ढकलल्यावर तीनचार झोके आपसूक जावा. नायलॉक नट जुना परत लावू नये.

तक्रार डिसेंबरात गेली. उत्तर म्हणून २६ जानेवारीच्या आधी मशीनला रंग आला. निळा, घट्ट, नटावरूनही. तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ असं लागलं. आता त्या नटावर पाना बसवायचा तर आधी रंग खरवडायला लागतो. मार्चमध्ये पुन्हा तक्रार, या वेळी बेअरिंगचा नंबर, संख्या आणि नटाचा फोटो जोडून. तुम्हीही तक्रार करणार असाल तर ‘मशीन खराब’ असं लिहू नका, सुटा भाग नावानिशी लिहा. नुसतं ‘खराब’ वाचून कोण काय आणणार? रंगच आणणार.

तोवर उपाय: सकाळी ५.४५ ला या किंवा ७.१५ नंतर. आणि ईशान्येच्या बाकावर बसा. जिमच्या मागे कंपाउंडची भिंत तीनेक मीटरवर आहे, आवाज तिथून परतून थेट दक्षिणेच्या बाकांवर येतो. ईशान्येला मेंदीचं कुंपण आणि करंज आडवे येतात.

पाचपैकी गुण: बागेला चार, मशीनला शून्य, असं लिहून ठेवलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चारपैकी तीन बेअरिंग बदलल्या गेल्या. डावा पाय आता मुका आहे, इतका की त्यावर चालणाऱ्यालाच चुकल्यासारखं होतं. उजव्यात एक नवी, एक जुनी. ‘कुईं’ गेलं, ‘कट्ट’ राहिलं. तीन का, चार का नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. मात्र एकाच पायात एक नवी आणि एक झिजलेली ठेवली की भार तिरका पडतो आणि नवीही लवकर जाते, एवढं कामगाराला सांगून ठेवलं आहे. झाकणं आलेलीच नाहीत, आणि पावसाळा तोंडावर. पाण्याच्या २० लिटरच्या जारचं झाकण त्या टोकावर साधारण बसतं. बाटलीचं लहान पडतं. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बसवावी.