‘दुसऱ्याचा विचार आहे का?’ या प्रश्नाचा सराव करून घेणारा वर्ग

चिंचवडला एक निवृत्त एचआर मॅनेजर बाई रविवारी मुलाखतीचा सराव घेतात. दिवसभराचा वर्ग, फी १२०० रुपये, त्यात चहा-पोहे आणि छापील टिपण. मी अकाउंट्सवाली. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती, आता ती शाळेत जायला लागली म्हणून पुन्हा शोधतेय. भोसरी-चाकणकडे मुलाखती दिल्या, तर टॅली आणि जीएसटी राहिलं बाजूला, माझ्या घराचीच चौकशी जास्त. ‘दुसऱ्याचा विचार आहे का?’, म्हणजे दुसऱ्या मुलाचा, असं एका साहेबांनी विचारलं आणि शेजारच्या बाईंनी उत्तर लिहून घ्यायला पेनचं टोपण काढलं. मी वर्ग लावला तो यासाठीच, आणि पैसे वसूल झाले.

मॅडम सुरुवातीलाच कायदा स्पष्ट सांगतात, उगाच धीर देत नाहीत. खासगी कंपनीने ‘लग्न झालंय का’ असं नुसतं विचारलं तर आपल्याकडे तो गुन्हा नाही. पण बाई आहे म्हणून भरतीत डावलायला मनाई आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यात ती होती, आता वेतन संहिता २०१९ मध्ये आहे. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायलाही २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. मग नीरा माथुर यांचा खटला. एलआयसीच्या फॉर्ममध्ये उमेदवार बाईला पाळीची शेवटची तारीख, गरोदरपण असलं सगळं भरून द्यावं लागायचं. माथुरबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून त्यांना प्रोबेशनवर असतानाच काढलं. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने काढून टाकायला सांगितलं. हे ऐकताना मला त्या पेनचीच आठवण येत होती.

खरा जीव आहे तो दुपारच्या सरावात. टेबलापलीकडे मॅडम आणि त्यांचे एक जुने सहकारी बसतात आणि अजिबात दयामाया दाखवत नाहीत. माझ्या वेळचं जसंच्या तसं देते.

‘मुलगी लहान आहे. घरी कोण सांभाळतं?’

‘सासूबाई असतात, सर.’

मॅडमनी तिथेच थांबवलं. ‘आता ते विचारणार, सासूबाईंची तब्येत कशी असते. तुझ्या घरात शिरायला दार तूच उघडलंस. त्यांना खरी काळजी कसली आहे? महिनाअखेरीला तू थांबशील का, याची. मग त्याच्यावर बोल.’

पुन्हा बसवलं. या वेळी मी कर आणि रिटर्न भरायच्या ठरलेल्या तारखा धरून म्हटलं, ‘सर, ७ तारखेचा टीडीएस, ११ चं जीएसटीआर-वन, २० चं थ्री-बी, या तारखांना उशिरापर्यंत थांबायची माझी तयारी आहे. तुमच्याकडे क्लोजिंगला साधारण किती वाजतात?’ समोरचे सर कंपनीच्या क्लोजिंगबद्दल बोलायला लागले. नाटकातलेच सर, पण माझे खांदे खरोखर सैल झाले. हे वाक्य मॅडमनी माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की आता झोपेतून उठवलं तरी येईल. पुस्तकात वाचून हे होत नाही, तोंडाला वळण लागावं लागतं.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. ‘पैशाची निकड असेल आणि उत्तर द्यावंसं वाटलं, तर दे. त्यात तुझा कमीपणा नाही,’ असं त्या एका मुलीला म्हणाल्या. तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. बाणेदारपणा सगळ्यांना परवडत नाही, हे ओळखून शिकवणाऱ्या त्या बाई आहेत. मात्र अंगाबद्दल, कपड्यांबद्दल कुणी घाणेरडं बोललं तर उठून बाहेर पडायचं आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, नावं, शब्द लिहून ठेवायचे, यावर त्या ठाम आहेत.

आता उणं. जातीचा प्रश्न त्यांनी फारच घाईत उरकला. ‘आडनाव वेगळं वाटतंय, मूळ गाव कुठलं?’, ‘व्हेज की नॉनव्हेज?’ हे गोड आवाजात विचारलं जातं आणि विचारणाऱ्याला काय काढून घ्यायचंय ते दोघांनाही कळतं. आमच्यातल्या एकीने हा विषय काढला, तेव्हा ‘हसून विषय बदला’ एवढंच उत्तर मिळालं. बाळंतपणाच्या प्रश्नावर तासभर आणि यावर दोन मिनिटं, हे मला पटलं नाही. त्या मुलीला तर त्याच प्रश्नाचा सराव हवा होता. मी अभिप्रायाच्या कागदावर हे स्पष्ट लिहिलं आहे.

गट थोडा मोठा असतो, शेवटच्या दोघी-तिघींना सरावाला जेमतेम वेळ मिळाला, त्यामुळे आपला नंबर आधी लावून घ्या. सराव मराठीतून हवा असेल तर नाव नोंदवतानाच सांगा, नाहीतर टेबलावर बसल्या बसल्या इंग्रजी सुरू होतं.