व्यापाराचा खेळ की चॉकलेटचा माग: आठवी-नववीच्या वर्गासाठी काय निवडावे?

नैतिक व्यापार आणि जागतिक विकास हा विषय आठवी-नववीच्या वर्गात घ्यायचे ठरले, की बहुधा दोन पद्धतींतून एक निवडावी लागते. एक म्हणजे ब्रिटनमधील ख्रिश्चन एड या संस्थेमुळे परिचित झालेला व्यापाराचा खेळ. दुसरी म्हणजे मुलांच्या हातातली एखादी वस्तू घेऊन तिचा माग काढत मुळापर्यंत जाणे. साखर कारखान्याच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत मी दोन्ही पद्धती काही वर्षे वापरल्या आहेत.

खेळाची रचना बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. काही गटांच्या पाकिटात कात्री, पट्टी, कंपास आणि अगदी थोडे कागद असतात, काहींकडे कागदांचा गठ्ठा असतो पण अवजार एकही नसते, आणि ठरलेल्या मापाचे आकार कापून ते ‘बँके’ला विकायचे असतात. या खेळाची ताकद मी नाकारत नाही. एकदा कागदवाल्या गटातील मुलाने कात्री मागितली, तेव्हा समोरच्या मुलीने क्षणभर विचार करून ‘अर्धलीने देते’ असे सांगितले. म्हणजे कात्री तिची, कागद आणि मेहनत त्याची, आणि तयार मालात निम्मा वाटा तिचा. शेत अर्धलीने देतात हे तिने घरी ऐकलेले होते, आणि कोणी न शिकवता तिने तोच हिशेब कात्रीला लावला.

माझे मत मात्र तासाच्या घंटेने ठरवले. आमचा तास पस्तीस मिनिटांचा आहे. सहकाऱ्याला विनंती करून दोन तास जोडून घेतले, तरी गट पाडणे, पाकिटे वाटणे, खेळणे आणि बँकेचा हिशेब यांतच ते संपतात, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप करायचा ती चर्चा सुरू होण्याआधीच घंटा होते. ती दुसऱ्या दिवशी घेतली, की जिंकलेला गट आपली रक्कम सांगतो आणि हरलेला गट म्हणतो, ‘सर, पुन्हा खेळू, या वेळी कात्री आम्हाला द्या.’ यात मुलांचा दोष नाही. अन्याय झोंबत होता तेव्हा त्यावर बोलायला वेळ मिळाला नाही, आणि वेळ मिळाला तेव्हा मनात फक्त हारजीत उरली होती. तीन वर्षे खेळ घेतला आणि तिन्ही वर्षे हेच घडले.

वस्तूचा माग काढताना मात्र हीच घंटा उपयोगी पडते, कारण अर्धवट राहिलेला प्रश्न मुलांबरोबर घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी घेऊन परत येतो. मी चॉकलेट निवडले. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि स्वस्त चॉकलेटवर बहुधा पहिले नाव साखरेचे निघते. तिथून थेट आमच्या शिवारात येता येते. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे, एवढे मी फळ्यावर लिहितो. ऊस कधी गेला आणि पैसे कधी आले, या दोन तारखा मुले नाव न घालता चिठ्ठीवर लिहून आणतात. त्यानंतर तोडणीचा विषय निघतो: मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने, हंगामापूर्वी दिलेली उचल (आगाऊ रक्कम), नवराबायको मिळून धरला जाणारा एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि आजारपणात काम बुडाले तरी लागणारा खाडा, म्हणजे दंड.

एवढे झाल्यावर कोको परका वाटत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शेतकऱ्याच्या पदरात अधिक पडावे म्हणून या दोन्ही सरकारांनी २०१९ मध्ये टनामागे ४०० डॉलर जादा घेण्याचे ठरवले, हे सांगितले की ऊसदराची आंदोलने पाहिलेल्या मुलांना वेगळे समजवावे लागत नाही. घानातील शेतकऱ्यांची कुआपा कोकू ही १९९३ ची सहकारी संस्था पुढे ब्रिटनमधील एका चॉकलेट कंपनीत भागीदार झाली; प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिले गाळप केले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर एका मुलीने विचारले, ‘ऊस लावणारा सभासद होतो, मग तोडणारा का नाही?’ पुढचे दोन तास त्या एका प्रश्नावर गेले.

या पद्धतीलाही एक मोठी जोखीम आहे. बागायतदार, मुकादम आणि तोडणी कामगार, तिघांचीही मुले एकाच वर्गात बसतात. पहिल्या वर्षी मी एका मुलाला घरच्या उचलीविषयी सर्वांसमोर विचारले. तो काहीच बोलला नाही आणि नंतर दोन दिवस शाळेत आला नाही. तेव्हापासून चिठ्ठ्यांवर नावे नसतात आणि घरचे सांगण्याचा आग्रह मी कोणालाही करत नाही. शहरातील शाळेत ऊस नसेल, तर अंगातला शर्ट घेता येईल. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ कपडे शिवण्याचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही शिवणकामगारांना कामावर बोलावले होते, एवढ्या एका तपशिलावर पूर्ण तास होतो.

तुमच्याकडे निवासी शिबिर असेल किंवा सलग अडीच तास हाताशी असतील, तर माझा अनुभव कदाचित लागू पडणार नाही; तिथे खेळ जरूर घ्यावा आणि चर्चा त्याच बैठकीत पूर्ण करावी. रोजच्या वेळापत्रकात बसवायचे असेल, तर मला वस्तूचा मागच अधिक भरवशाचा वाटतो. आणि खेळ घेतलाच, तर चाळीस मुलांत कात्र्या दोनच ठेवाव्यात. मी एकदा चार ठेवल्या, तर अर्धली पाच मिनिटांत चौथाईवर आली आणि कोणालाच काही अडले नाही.