माइकवरचं एक वाक्य आणि हातातली नोकरी

१८ ऑक्टोबर २०१०. फॉक्स न्यूजवर बिल ओरायली यांचा रात्रीचा कार्यक्रम सुरू होता आणि समोर बसले होते हुआन विल्यम्स. कृष्णवर्णीय पत्रकार, नागरी हक्क चळवळीच्या इतिहासावर लिहिणारे, 'एनपीआर' या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ विश्लेषक. बोलता बोलता ते म्हणाले की विमानात मुस्लिम वेशातली माणसं दिसली की आपल्याला काळजी वाटते, धास्ती वाटते. दोन दिवसांनी एनपीआरमधून फोन आला आणि त्यांचा करार संपला. समोरासमोर बोलावणं झालंच नाही.

मुसलमानांबद्दल वादग्रस्त बोललेल्या पत्रकाराची नोकरी जावी का, हा प्रश्न त्याआधीही होता आणि नंतरही येतच राहिला. ज्यांना याचा निर्णय करायचा असतो, मग ते संपादक असोत, संस्थेच्या मंडळावर असोत किंवा तक्रारीच्या पत्राखाली सही करायची की नाही हे ठरवणारे वाचक असोत, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. उदाहरणं अमेरिका आणि ब्रिटनमधली घेतली आहेत, कारण काढून टाकणं, काही दिवस पडद्याआड ठेवणं आणि नोकरीला हात न लावणं या तिन्ही वाटा तिथे चालून झाल्या आहेत.

आधी कायद्याचं, कारण चर्चा तिथेच अडकते. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती सरकारला अडवते, खासगी मालकाला नाही. त्यामुळे 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' एवढा शब्द उच्चारून विल्यम्सची नोकरी वाचत नव्हती. पण मालकाला काढता येतं म्हणून काढणं योग्य ठरतं असंही नाही. खरा प्रश्न कायद्याच्या पलीकडे सुरू होतो.

विल्यम्स आणि ग्रॅहम

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहावीत. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर वॉशिंग्टनच्या 'डब्ल्यूएमएएल' या रेडिओ केंद्रावर मायकेल ग्रॅहम यांनी इस्लाम हीच दहशतवादी संघटना आहे असं म्हटलं, आणि ते एकाच कार्यक्रमात पुन्हा पुन्हा म्हटलं. मुस्लिम संघटनांनी तक्रार केली, जाहिरातदार बिथरले. केंद्राने आधी त्यांना निलंबित केलं, बोलणं सुधारून घ्यायची संधी दिली, आणि त्यांनी माफी मागायला नकार दिल्यावर ऑगस्टमध्ये काढलं.

विल्यम्सनी स्वतःच्या मनातली भीती सांगितली. ग्रॅहमनी कोट्यवधी माणसांच्या धर्माबद्दल एक विधान सत्य म्हणून मांडलं. पहिल्यात बोलणारा स्वतःला उघडं करतो, दुसऱ्यात तो इतरांवर आरोप ठेवतो. शिवाय त्याच संभाषणात पुढे विल्यम्सनी ओरायलींना अडवलं होतं. ओक्लाहोमा सिटीतला बॉम्बस्फोट करणारा टिमथी मॅकव्हे आठवला की आपण 'ख्रिश्चनांची अडचण झाली आहे' असं म्हणत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. गाजली ती मात्र फक्त भीतीची ओळ. निर्णय करणाऱ्याने पूर्ण ध्वनिफीत ऐकली आहे का, हे म्हणून मी सगळ्यात आधी विचारेन.

पण विल्यम्सना मी पूर्ण सोडणार नाही. भीती वाटणं हा गुन्हा नाही, मात्र पत्रकाराने ती माइकवर मांडली की तिची झडती घेणं हे त्याचंच काम. ११ सप्टेंबर २००१ च्या पहाटे मेन राज्यातल्या पोर्टलंड विमानतळावरच्या कॅमेऱ्याने टिपलेला, त्या दिवशीच्या विमान अपहरणकर्त्यांपैकी एक मोहम्मद अत्ता जगाने पाहिला आहे: साधा शर्ट, गडद पँट, खांद्याला बॅग. मुस्लिम वेश कुठेच नाही. म्हणजे विल्यम्सना ज्या कपड्यांची धास्ती वाटत होती, त्यांचा त्या दिवसाच्या अपहरणाशी संबंधच नव्हता. ही एवढी गोष्ट त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितली असती, तर तीच कबुली चांगली पत्रकारिता ठरली असती.

आणि त्या धास्तीची किंमत कोणीतरी आधीच मोजली होती. २० नोव्हेंबर २००६ रोजी मिनियापोलिसहून फीनिक्सला निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानातून सहा इमामांना उतरवण्यात आलं. त्यांच्यापैकी काहींनी आधी विमानतळावर गेटजवळ नमाज पढली होती, आणि एका प्रवाशाने कर्मचाऱ्यांच्या हाती चिठ्ठी दिली होती. बेड्या पडल्या, तासन्‌तास चौकशी झाली, आणि शेवटी कुठलाही गुन्हा न नोंदवता सोडण्यात आलं. त्यांच्या दाव्यात तडजोड व्हायला ऑक्टोबर २००९ उजाडला. विल्यम्स बोलले त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. एनपीआरच्या बाजूने हा मुद्दा वजनदार आहे: ज्याच्या आवाजावर लाखो श्रोते विसंबतात, त्याने 'मलाही तसंच वाटतं' म्हटलं की चिठ्ठी देणाऱ्या प्रवाशाला बळ मिळतं.

तरीही एनपीआरचं चुकलं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण प्रक्रियेत आहे. आपल्या पत्रकाराने बाहेरच्या माध्यमात असं मत मांडू नये जे तो आपल्याकडे पत्रकार म्हणून मांडणार नाही, हा त्यांचा नियम होता. नियम वाजवीच आहे. पण विल्यम्स कित्येक वर्षं फॉक्सवर उघडपणे जात होते. २००९ मध्ये मिशेल ओबामांवरच्या त्यांच्या टिप्पणीवरून वाद झाला, तेव्हा एनपीआरने 'फॉक्सवर आमचं नाव लावू नका' एवढंच सांगितलं. जो नियम आपण इतके दिवस सैल सोडला, त्याच्यासाठी एका वाक्यावर एका फोनमध्ये माणूस घालवायचा, हे कुठल्याही कर्मचाऱ्याला न्यायाचं वाटणार नाही. त्यातच प्रमुख व्हिव्हियन शिलर जाहीरपणे म्हणाल्या की विल्यम्सनी आपल्या भावना मानसोपचारतज्ज्ञापाशी किंवा प्रसिद्धी सांभाळणाऱ्यापाशी ठेवायला हव्या होत्या. त्यांनी नंतर माफी मागितली, पण शब्द निघून गेला होता. वाह्यात बोलण्याबद्दल एखाद्याला काढताना आपणच तसं बोलून बसलो, तर निर्णयाची अब्रू राहत नाही.

नॅसर यांची नोकरी

तराजू पाहायचा तर त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण हवं. ऑक्टेव्हिया नॅसर सीएनएनमध्ये वीस वर्षं होत्या, मध्यपूर्वेच्या विषयाच्या वरिष्ठ संपादक. जुलै २०१० मध्ये लेबनॉनचे शिया धर्मगुरू मोहम्मद हुसेन फदलल्ला वारले. नॅसरनी ट्विटरवर दुःख व्यक्त केलं, त्यांना हिजबुल्लाचा एक दिग्गज म्हटलं आणि आपल्याला त्यांच्याविषयी आदर असल्याचं लिहिलं. फदलल्लांचं नाव १९९५ पासून अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होतं, त्यामुळे गदारोळ उठला. नॅसरनी खुलासा केला: घराण्याच्या अब्रूपायी बायकांचे खून करण्याविरुद्ध या धर्मगुरूने घेतलेल्या भूमिकेचा तो आदर होता, आणि १४० अक्षरांत ते मांडायला जाणं ही आपली चूक होती. ७ जुलैला त्यांची नोकरी गेली.

एकाची मुसलमानांबद्दलच्या भीतीपायी गेली, दुसरीची एका मुसलमान धर्मगुरूबद्दलच्या आदरापायी. दोघांनीही कुणाला शिवी दिली नव्हती, दोघांच्याही बातमीदारीत खोटेपणा सापडला नव्हता, आणि दोघांचाही निकाल दोन-तीन दिवसांत लागला. विल्यम्सना काढणं चूक म्हणणाऱ्याने नॅसरना काढणंही चूक म्हणायला हवं. मी म्हणतो. त्या वर्षी व्हाइट हाउसच्या ज्येष्ठ वार्ताहर हेलन थॉमस यांचीही नोकरी गेली. इस्रायली ज्यूंनी पॅलेस्टाइन सोडून पोलंड-जर्मनीला परत जावं असं म्हटल्यावर त्यांनी जूनमध्ये निवृत्ती घेतली, नव्वदीला टेकलेल्या असताना. ते विधान मात्र ग्रॅहमच्या बाजूला झुकतं, कारण त्यात एका अख्ख्या समाजाला घालवून देण्याची भाषा आहे.

पडद्याआड ठेवणं

मार्च २०१९ मध्ये फॉक्सच्या जनीन पिरो यांनी खासदार इल्हान ओमर यांच्या हिजाबवर बोट ठेवलं आणि त्या अमेरिकी घटनेविरुद्धच्या शरियतला मानतात का, अशी शंका घेतली. वाहिनीने जाहीर निषेध केला, कार्यक्रम दोन शनिवार दिसला नाही, आणि महिनाअखेरीस पिरो परतल्या. पहिल्या नजरेत हा मध्यममार्ग शहाणपणाचा वाटतो. मला त्यात एक उणीव दिसते. का थांबवलं, काय चुकलं, पुढे काय बदलणार, हे प्रेक्षकांना नीट कळलंच नाही. निलंबनाचा उपयोग होतो तो त्या काळात दुरुस्ती झाली तर. ग्रॅहमना तशी संधी मिळाली होती आणि त्यांनी ती नाकारली, म्हणून त्यांचं जाणं मला मान्य आहे.

नोकरीला हात न लावणं

जुलै २०१६ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या हल्ल्यानंतर चॅनल फोरच्या फातिमा मंजी यांनी हिजाब घालून बातम्या सांगितल्या. 'द सन'चे स्तंभलेखक केल्व्हिन मॅकेन्झी यांनी लिहिलं की अशा वेळी अशी बाई पडद्यावर असणं योग्य होतं का. पत्रकारांच्या नोकऱ्या वाचवा म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाकडे नीट पाहावं: इथे वादग्रस्त विधानाचा रोखच एका मुसलमान पत्रकाराच्या कामावर होता. ब्रिटनच्या 'इप्सो' या वृत्तपत्र नियामकाकडे तक्रारींचा पाऊस पडला. ऑक्टोबरमध्ये निकाल आला की नियमभंग झालेला नाही. मॅकेन्झी लिहीत राहिले. मंजींनी जाहीर लेख लिहून उत्तर दिलं, आणि बातम्याही देत राहिल्या. मला हा शेवट सुखद वाटत नाही, पण मॅकेन्झींना हुतात्मा व्हायला कुणी जागा दिली नाही, हे खरं.

कारण काढल्यानंतर काय होतं, हेही निर्णय करणाऱ्याने पाहायला हवं. विल्यम्सना फॉक्सने लगोलग सुमारे २० लाख डॉलरचा तीन वर्षांचा करार दिला. बीबीसीचे रॉबर्ट किलरॉय-सिल्क यांचा कार्यक्रम जानेवारी २००४ मध्ये अरबांविरुद्धच्या लेखावरून थांबला, त्यांनी तो आठवडाभरात सोडला, आणि जूनमध्ये ते युरोपीय संसदेवर निवडून आले. नॅसरकडे मात्र तसा करार घेऊन कुणी धावलं नाही. मुसलमानांविरुद्ध बोलून नोकरी गमावलेल्याला पलीकडे गर्दी तयार असते. मुसलमानाविषयी आदर दाखवून गमावलेल्याला ती नसते. नोकरी घेणं ही सगळ्यांना सारखी शिक्षा आहे, असं मानून चालता येत नाही ते यामुळे.

संस्थेलाही झळ बसते. विल्यम्सना काढलं तेव्हा अनेक केंद्रांवर देणग्यांची मोहीम चालू होती. जानेवारी २०११ मध्ये, बाहेरच्या वकिलांकडून झालेल्या चौकशीनंतर, फोन करणाऱ्या वृत्तप्रमुख एलन वाइस यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये एका वेगळ्या प्रकरणात शिलरही गेल्या, आणि त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने एनपीआरचा सरकारी निधी तोडण्याच्या बाजूने २२८ विरुद्ध १९२ असं मतदान केलं. सिनेटमध्ये ते अडलं. या सगळ्या महिन्यांत विमानातला तो मुस्लिम वेशातला प्रवासी चर्चेतून पार नाहीसा झाला. ज्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणून कारवाई झाली, त्याला कुणी विचारलंच नाही.

म्हणून निवड करायचीच तर मी असं ठरवेन. बातमीदाराने एखाद्या समाजाबद्दल खोटं विधान सत्य म्हणून पसरवलं, चूक दाखवल्यावरही तो हटला नाही, किंवा त्या समाजाच्या बातम्या तो सरळ देईल यावर सहकाऱ्यांचाच भरवसा उरला नाही, तर त्याला जाऊ द्यावं. स्तंभलेखकाला थोडी मोकळीक जास्त, कारण त्याचं मत हे मत म्हणूनच छापलेलं असतं. पण माणसं मारण्याची, हाकलण्याची भाषा आली की ती मोकळीक संपली. अन् रागाच्या भरातली ओळ, घसरलेली कबुली, अर्धवट ट्वीट यांसाठी आधी बोलावणं, मग माइकवरच दुरुस्ती.

विल्यम्सच्या बाबतीत त्या खुर्चीत मी असतो तर फोनवर निर्णय कळवला नसता. त्यांना कचेरीत बोलावून पूर्ण ध्वनिफीत त्यांच्यासोबत ऐकली असती, पोर्टलंडच्या कॅमेऱ्यातलं ते चित्र समोर ठेवलं असतं, आणि मिनियापोलिसच्या विमानातून उतरवलेल्या सहांपैकी जो यायला राजी असेल त्याला एनपीआरच्या स्टुडिओत त्यांच्यासमोर बसवून तासभर वेळ दिला असता. करारावरचा निर्णय त्या तासानंतर घेतला असता.