हायस्कुलातला नाटकाचा वर्ग: तात्या उत्तम, पेटी रडकी

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेतच, शनिवारी शाळा सुटल्यावर चालणारा नाटकाचा वर्ग. फी महिन्याला ३०० रुपये. मुलांना घालावं का? घालावं. पण गॅदरिंगच्या स्टेजवर पोरगी झळकेल म्हणून घालणार असाल, तर ते ३०० रुपये खिशातच राहू द्या. शाळा कुडाळ तालुक्यातली आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि मुलीची दहावी अजून व्हायची आहे.

मी भजनात पखवाज वाजवतो, डबलबारीलाही (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) बसलोय, त्यामुळे सुरातालाच्या बाबतीत जरा खडूस आहे हे आधीच सांगून ठेवतो. नाटकाचं शिक्षण काही नाही. जत्रेत रात्र रात्र बसून दशावतार, म्हणजे आमच्याकडची पौराणिक लोकनाट्यं, बघत वाढलेल्या माणसाला जेवढं कळतं, तेवढं कळतं.

वर्ग घेतात ते तात्या. दशावतारी मंडळात अनेक वर्षं राजाच्या भूमिका केलेले. गुडघे बोलायला लागल्यापासून रोजचे प्रयोग सोडलेत, पण हंगामात एखादा नट आडवा झाला की अजून त्यांना फोन येतो. पेटीवर शाळेच्या संगीताच्या बाई.

पालकांना सगळ्यात आधी खटकतं ते हे, की या वर्गात वही नाही. ‘डायलॉग कधी देणार?’ हा प्रश्न पहिल्या पालकसभेतच आला होता. आता दशावतारात लिहिलेले डायलॉग असतात कुठे? आख्यान ठरतं, कोणाचा प्रवेश कोणामागून ते रंगपटात (रंगायच्या खोलीत) तोंडी बोलून घेतात, आणि मग उभं राहिल्यावर ज्याचं त्याने बोलायचं. तात्या मुलांकडून तेच करून घेतात. आधी गोष्ट सांगतात, कच-देवयानीची म्हणा किंवा आणखी कुठली. मग प्रवेश वाटून देतात आणि वर्गातलं एक बाकडं ओढून मध्ये ठेवतात. दशावतारात सामान म्हणजे तेवढंच, एक बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगराचं टोक. शाळेत बाकड्यांना तोटा नाही, त्यामुळे नेपथ्याचा खर्च शून्य.

आमची मुलगी पहिल्यांदा राजा झाली तेव्हा मी खिडकीत उभा होतो. बाकड्यावर बसली आणि प्रत्येक वाक्यानंतर तात्यांकडे बघायला लागली, बरोबर आहे ना म्हणून. तात्यांनी पेटी थांबवली. म्हणाले, ‘गो चेडवा, तू राजा ना? मगे राजा कोणाक इचारूक जाता काय?’ आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभे राहिले, म्हणजे बघायला कोणी समोर उरलंच नाही. पुढची दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्या वाक्याला तिने प्रधानाला दरडावलं, तेही असं की प्रधान झालेला मुलगा खरोखर दोन पावलं मागे सरकला. आमच्या घरात आता तो आवाज रोज ऐकू येतो, तो भाग निराळा.

दुसरी गोष्ट मला वाजवणारा म्हणून फार आवडली. बोलता बोलता शब्द संपले तर काय करायचं, हे तात्या पद्धतशीर शिकवतात. वाक्याचा शेवट वर चढवायचा, पेटीवाल्याकडे हात करायचा आणि पदात शिरायचं. पद चालू असतं तेवढ्यात पुढचं सुचतं. प्रेक्षकाला वाटतं, काय सुंदर जागा घेतली! खरं तर तो तिथे अडकलेला असतो. जत्रेत एवढी वर्षं मी हे बघतोय, पण त्यामागची युक्ती कळली ती मुलीच्या वर्गाच्या खिडकीतून. बाईंनाही त्यामुळे सतत जागं राहावं लागतं, मुलगी कुठल्या पट्टीत शिरेल याचा नेम नसतो. बाई ते मजेत करतात. त्यांना पूर्ण गुण.

मुली हा विषय वेगळा लिहायला हवा. दशावतारात परंपरेने सगळे पुरुष, स्त्रीपार्टही पुरुषच करतात. आता जिल्ह्यात महिलांची मंडळंही उभी राहिलीत, पण शाळेत ‘मुलींना राक्षस कशाला?’ असं विचारणारे पालक अजून आहेत. तात्यांनी वाद घातला नाही. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला, संकासूर सरळ माझ्या मुलीला दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्या की हा काळ्या वेशातला संकासूर येतो. त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळवलेले असतात आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पण मरेपर्यंत मालवणीत जी काही फेकतो, त्यासाठीच निम्मा गाव जागा असतो. बाकीची पात्रं शुद्ध बोलतात, हा एकटा आपल्यातला.

शाळेतल्या प्रयोगात विष्णूने विचारलं, वेद कुठे लपवलेस? आमची संकासुरीण म्हणाली, ‘दप्तरात घातलंय! पन दप्तर इतक्या जड झाला की एष्टीत चढाक जमना नाय!’ मुख्याध्यापक पहिल्या रांगेत होते. हसले. हे वाक्य तिला कोणी दिलेलं नव्हतं, आणि घरी तर मुळीच ऐकलेलं नव्हतं. मला विचाराल तर वर्षाची फी त्या वाक्यात वसूल झाली.

रंगकामाचाही एक शनिवार असतो. सफेदा खोबरेलात कालवून ज्याने त्याने आपला चेहरा आपण रंगवायचा, हातात एवढासा आरसा. आधी मनगटावर लावून बघायला सांगतात, त्यामुळे कोणाच्या अंगावर पुरळ वगैरे आल्याचं ऐकलं नाही. शर्टाची कॉलर मात्र गेलीच समजा. जुना शर्ट पाठवा.

एकदा मुलांना पिंगुळीला नेलं होतं, ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) बघायला. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, पण शेजारच्या गावातली किती मुलं तिथे गेली असतील देव जाणे. आमची गेली, दोऱ्या हातात घेऊन आली. आपण एक पाऊल टाकतो तेव्हा बाहुलीला किती दोऱ्या ओढाव्या लागतात हे बघितल्यापासून मुलीचं स्टेजवरचं उगाच इकडून तिकडे चालणं बंद झालं.

आता तक्रारी.

पहिली पेटीची. शाळेची पेटी खारी हवा आणि पावसाच्या ओलीने मेलेली आहे. जून-जुलैत पट्ट्या फुगून अडकतात, एक सूर दाबला नाही तरी आपला रडत बसतो, भात्यातून निम्मी हवा बाहेर. पखवाजाची तीच कथा, पुडी (तोंडावरचं चामडं) सैल आणि डाव्या तोंडाला लावलेलं पीठ धरत नाही. गंमत अशी की दशावतारी माणूस मोकळा असतो तो पावसाळ्यातच. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तात्यांना बोलावणी येतात, रात्रभर उभं राहून दुसऱ्या दिवशी वर्गावर येणार कधी? म्हणजे शिकवणारा हाताशी असतो तेव्हा वाद्यं आजारी, आणि वाद्यं ठणठणीत होतात तेव्हा शिकवणारा जत्रेत. तात्यांचा यात दोष नाही. पण पेटी ठेवायला एक कोरडं कपाट आणि दरवर्षी मे महिन्यात एक दुरुस्ती, एवढं शाळेने करायला हरकत नाही. पखवाज मी बघून देईन असं सांगून आलोय. अर्ज द्या म्हणाले.

दुसरी तक्रार गॅदरिंगची, आणि ही मोठी आहे. वर्षभर मुलं मेहनत करतात, आणि डिसेंबरात बाहेरून डान्स बसवणारे येतात. रेकॉर्ड लावली की झालं. एकेका गाण्याच्या ड्रेससाठी पालकांकडून ७००-८०० रुपये, तेही भाड्याचे, आणि आमच्याकडे आलेल्या घागऱ्याची चेन तुटलेली होती. नाटकाच्या वर्गाला दोन डान्सच्या मध्ये दहा मिनिटं दिली, कारण मागे पडदा बदलायचा होता. नाचणाऱ्यांना माईक लागत नाही, म्हणून तो लावलेलाच नव्हता. मुलं माईकशिवाय बोलली आणि मागच्या रांगेपर्यंत पोचली, हे तात्यांचं श्रेय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि अभ्यास यांच्यात भिंत नको असं म्हटलंय. आमच्या वेळापत्रकात ती भिंत शनिवारी शाळा सुटते तिथे, साडेअकराला, उभी आहे.

तिसरी, वाढीव गुणांबद्दल कोणी नीट सांगत नाही. दहावीला शास्त्रीय कला आणि लोककलेचे वाढीव गुण मिळतात हे खरं, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि शाळेमार्फत प्रस्ताव बोर्डाकडे जावा लागतो. नुसतं या वर्गात बसून गुण मिळत नाहीत. काही पालक तेवढ्याचसाठी नाव घालतात आणि नंतर तात्यांशी भांडतात. गाण्यातले गुण हवे असतील तर बाई गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांची तयारी वेगळी करून घेतात, प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून. ते त्यांना विचारा.

वर्ग दीड वाजता सुटतो असं म्हणतात, तात्या रंगात आले की दोन होतात. लांबच्या मुलांची गाडी चुकते. आम्ही तीन-चार घरं मिळून आळीपाळीने रिक्षा करतो.

नाव द्यायचं तर जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या आठवड्यातच. गोष्टी आणि प्रवेशाची शिस्त पावसाळ्यातच होते, गणपतीनंतर आलेल्यांना तात्या घेत नाहीत. नववीला घालणं सगळ्यात चांगलं. दहावीत पालकच मुलांना काढतात, आणि आठवीतली मुलं पहिले दोन महिने नुसती हसतात.