काउच टू ५के प्लॅन: नऊ आठवड्यांचा, मला तेरा लागले, तरी पाचपैकी साडेचार स्टार

चेकअपमध्ये बीपी १४२/९० निघालं आणि डॉक्टर म्हणाल्या गोळी लगेच नको, तीन महिने बघू, पण दम लागेल असा व्यायाम सुरू करा. वय ४६, शाळा सुटल्यापासून कधी पळाले नव्हते, अधूनमधून चालायला जायचे तेवढंच. ईसीजी वगैरे करून घेतलं, त्यांनी हो म्हटल्यावर हा प्लॅन सुरू केला. पूर्ण करून महिना झालाय, म्हणून आता लिहितेय, कारण दुसऱ्या आठवड्यात लिहिलं असतं तर वेगळंच लिहिलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोफ्यावर बसणाऱ्याला ५ किमी पळण्यापर्यंत नेणारा (म्हणून हे नाव) हा प्लॅन जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये बनवला, आपल्या पन्नाशीतल्या आईला पळायला शिकवायचं म्हणून. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. आधी पाच मिनिटं झपझप चालायचं आणि मग पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. हिशोब केला तर पूर्ण दिवसात पळणं फक्त आठ मिनिटं होतं. मला वाटलं एवढ्याने काय होणार, पण याच कारणासाठी मी या प्लॅनला इतके स्टार देतेय. तो तुम्हाला आवरून धरतो, आणि नवीन माणसाला तेच हवं असतं, उत्साह पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असतो.

माझी चूक सांगते. ६० सेकंदच आहेत ना म्हणून मी जीव तोडून पळायचे, तिसऱ्या राउंडला छाती धडधडायची आणि वाटायचं हे आपल्याला जमणारं नाही. प्लॅनमध्ये वेळ दिलाय, अंतर दिलंय, पण किती हळू पळायचं हे ठळकपणे कुठे लिहिलेलं नाही, अर्धा स्टार तिथेच कापला. उत्तर सोपं आहे, पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त आहे, भले शेजारून चालणारा माणूस पुढे गेला तरी चालेल. मी ज्या दिवशी हे पाळायला लागले त्या दिवसापासून धाप लागायची थांबली आणि पूर्ण २० मिनिटं संपल्यावर अजून एक राउंड होईल असं वाटायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागल्या, आतल्या बाजूने, जिन्यावरून उतरताना जास्त. यामागचं कारण कळल्यावर मला प्लॅनमधल्या सुट्ट्यांची किंमत कळली. हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, काही आठवड्यांत फरक जाणवतो, पण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) फार सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणजे दम पुरतो म्हणून आपण पळत राहतो आणि पाय मागे राहिलेले असतात. मी दहा दिवस नुसतं चालले, दुखणं पूर्ण गेल्यावर तिसरा आठवडा पहिल्यापासून केला. आठवडा रिपीट करण्यात कमीपणा काहीच नाही हे प्लीज लक्षात ठेवा, मी तिसरा, पाचवा आणि सातवा रिपीट केलाय.

पाचव्याबद्दल सगळेच बोलतात. दुसऱ्या दिवशी ८ मिनिटं पळणं, ५ चालणं, परत ८ पळणं, आणि तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं न थांबता. वाचूनच पोटात गोळा येतो. पहिल्या वेळी मी १३ मिनिटांना थांबले. पुढच्या आठवड्यात परत केलं, अजून हळू, आणि २० मिनिटं झाल्याचं ॲपने सांगितलं तेव्हा मला खरंच रडू आलं. उडी मोठी आहे, पण आधीच्या चार आठवड्यांची तयारी पायात असते, वेग वाढवला नाही तर निभतं.

आता घड्याळाबद्दल, कारण पल्स बघायची म्हणून मी स्मार्टवॉच घेतलं होतं (कंपनीचं नाव घेत नाही). आरामात पळत असताना ते १७२ दाखवायचं आणि २२० वजा वय या हिशोबाने माझं मॅक्सिमम १७४ येतं, त्यामुळे मी घाबरून गेले. मग थांबून गळ्याला बोटं लावून मोजलं तर १३८. झालं असं होतं की मनगटावरचा हिरवा लाइट पट्टा सैल असला की ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतो, आणि माझी पावलं मिनिटाला साधारण तेवढीच पडत होती. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवून घट्ट बांधल्यावर बरंच सुधारलं, आकडा नक्की हवा असेल तर छातीचा पट्टा चांगला, तो हृदयाचे इलेक्ट्रिकल सिग्नल मोजतो. आणि ते २२० वजा वय पण ढोबळच आहे, खऱ्या माणसात १०-१२ ठोके इकडेतिकडे सहज असतात. दादा बीटा ब्लॉकरची गोळी घेतो, त्याच्यासाठी तर हा फॉर्म्युला चालतच नाही कारण ती गोळी ठोके वाढूच देत नाही. त्याला डॉक्टरांनी आकडा सोडून बोलता येतंय का तेच बघायला सांगितलंय.

फायदा काय झाला? सकाळी उठल्याउठल्याचे ठोके ७८ वरून ६९ वर आले, म्हणजे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागलंय. बीपी परवा १२८/८२ होतं. मीठ पण कमी केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देत नाही. पण २०१४ मध्ये अमेरिकेत ५५,१३७ लोकांवरचा अभ्यास आला होता, त्यात रोज ५ ते १० मिनिटं हळू पळणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. वेग नसलेल्यांना हे वाचून फार धीर येतो, मला तरी आला.

शेवटची पाच मिनिटं चालायचं लिहिलंय ते कापू नका, दमल्यावर एकदम उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. आणि छातीत दाब वाटला, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं, डोळ्यासमोर अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि लगेच मदत मागायची, प्लॅन गेला खड्ड्यात.

एक नावाबद्दल. शेवटी ३० मिनिटं सलग पळता येतं, ५ किमी होईलच असं नाही. माझा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटं, म्हणजे साडेतीन किमी. मला त्यात काही कमी वाटत नाही, तेच ३० मिनिटं आठवड्यातून तीनदा चालू आहेत. दादाने पण आता सुरू केलंय, काल त्याचा दुसऱ्या आठवड्याचा पहिला दिवस होता, दीड मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पळताना पूर्ण वेळ माझ्याशी बोलत होता.