बेळगाव कॅम्पातला नाताळचा कुसवार डबा: दोदोलसाठी जरूर घ्यावा

नाताळ जवळ आला की बेळगावच्या कॅम्प भागात काही गोवन कॅथलिक घरांतून कुसवारचे, म्हणजे नाताळच्या गोड फराळाचे, डबे ऑर्डरीवर मिळतात. हा त्यांतल्याच एका घरगुती किचनचा एक किलोचा डबा. त्यात दोदोल, बेबिंका (थरांचा गोड केक), दोस, नेवऱ्या (करंज्या) आणि कुलकुल (गोड पिठाचे तळलेले छोटे वळे) आहेत. पोर्तुगालात नाताळच्या आदल्या रात्री पानात खारवलेला बाकल्याव मासा असतो. गोव्याने त्याच सणाला नारळ, तांदूळ आणि माडाचा गूळ दिला. म्हणून डब्याची पारख गुळापासून करावी.

दोदोल अप्रतिम. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ मंद आचेवर तासन् तास ढवळत आटवावा लागतो. नारळाचं तेल सुटून गोळा कढई सोडू लागला की झालं. घाईने उतरवलं तर पीठ कच्चं राहतं, दाताला चिकटतं आणि लवकर बुरसतं. आपल्याकडे कोल्हापुरी गूळ हाताशी असल्यामुळे पुष्कळ जण तोच घालतात. मग रंग तांबूस येतो आणि माडाच्या गुळाचा धुरकट, किंचित खारट स्वाद जातो. या डब्यातली वडी काळीभोर आहे, दाबली की खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. थंडीत वडीवर पांढरट थर दिसला तर लगेच फेकू नका. ते गोठलेलं खोबरेल असतं, बोटाच्या उबेने विरघळतं. बुरशी विरघळत नाही, ती केसाळ दिसते आणि कुबट वास येतो.

बेबिंका ठीक. 2023 साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मागणी वाढली आणि घाईही. नेहमीचे थर सात. प्रत्येक थराला वरून आच देऊन तो तांबूस झाला की तूप लावायचं, मगच पुढचं पीठ ओतायचं. इथे मधले दोन थर फिके राहिलेत, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून गेलेत. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर तूप टाळूला चिकटतं. यात अंड्याचे बलक भरपूर असतात, शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगावं.

दोस म्हणजे चणाडाळ, खोबरं आणि साखरेची वडी. ती छान कोरडी आटवली आहे. कुलकुल खुसखुशीत.

नेवऱ्या मात्र नकोत. सारण ओल्या नारळाचं असल्याने तिसऱ्या दिवशी पारी मऊ पडते आणि वास येऊ लागतो. सुकं खोबरं, रवा आणि खसखस भाजून भरलेल्या मागा, त्या टिकतात. किचनवाल्या बाई सांगितलं तर नेवऱ्यांऐवजी तेवढ्याच वजनाचं दोदोल भरून देतात. ऑर्डर 15 डिसेंबरच्या आत द्या आणि गूळ कोणता घालणार हे फोनवरच विचारून घ्या.