एनएन-एसव्हीजी: न्यूरल नेटवर्कच्या आकृतीतल्या जोडरेघा नीट कशा काढायच्या

ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बाइंडिंगला टाकायची आहे आणि न्यूरल नेटवर्कची आकृती अजून व्हायची आहे, अशा वेळी एनएन-एसव्हीजीइतकं झटपट काम करणारं दुसरं साधन सापडणं अवघड आहे. अलेक्झांडर लेनेल यांनी ते तयार केलं आणि २०१९ मध्ये 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'मध्ये त्यावर लेख आला. ते ब्राउझरमध्येच चालतं. इन्स्टॉल करायचं नाही, खातं उघडायचं नाही, पैसेही लागत नाहीत. नोडचा (गोळ्याचा) आकार, लेअरमधलं (नोडांच्या रांगांमधलं) अंतर, आडवी की उभी मांडणी हे दोन-चार स्लायडर सरकवले की जमून जातं. आकृती बिघडते ती नोडांमधल्या जोडरेघांत, म्हणजे एजेसमध्ये. कॉलेजच्या स्क्रीनवर देखणी दिसलेली आकृती झेरॉक्सवाल्याकडून कागदावर आली की राखाडी ढग होऊन बसते. त्यामुळे या परीक्षणात भर रेघांवरच आहे.

उदाहरणाला रावेर-यावल पट्ट्यातली केळी घेऊ. करपा हा पानांवरचा रोग येण्याचा धोका सांगणारं एक छोटं नेटवर्क आहे. इनपुटला चार नोड: तापमान, हवेतली आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं. मधे सहा नोडचा एक हिडन लेअर. आउटपुटला तीन नोड: धोका कमी, मध्यम, जास्त. पहिल्या टप्प्यात २४ रेघा, दुसऱ्यात १८, एकूण ४२. बायससाठी (बेरजेत मिळवायच्या जादा आकड्यासाठी) इनपुट आणि हिडन लेअरला एकेक जादा नोड धरला की ९ रेघा वाढून ५१ होतात. हेच मॉडेल केरास या पायथन लायब्ररीत बांधून समरी काढली तर टोटल पॅरामीटर्सही (मॉडेलने शिकायचे एकूण आकडे) ५१च येतात. परीक्षकासमोर ठेवण्याआधी हा ताळा जरूर करावा. आकृतीतल्या रेघा आणि समरीतला आकडा जुळला नाही, तर लेअरचा आकार कुठेतरी चुकला आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. डावीकडच्या पट्टीत जाडी, अपारदर्शकता आणि रंग या तिन्हींसाठी 'प्रपोर्शनल टू एज वेट्स' असा पर्याय आहे, म्हणजे रेघेच्या वेटच्या (त्या जोडणीला दिलेल्या आकड्याच्या) प्रमाणात. टिक केली की काही रेघा जाड, काही पुसट होतात आणि आकृती एकदम शिकलेल्या मॉडेलसारखी दिसू लागते. पण ही वेट्स तुमच्या मॉडेलची नाहीत. साधन ती उणे एक ते एक या पल्ल्यात रँडम घेतं, आणि नवीन रँडम वेट्सचं बटण दाबलं की सगळी जाडी बदलते. आपल्या आकृतीत आर्द्रतेची रेघ जाड आणि पावसाची बारीक आली, तर वाचणारा साहजिकच समजणार की करप्याला आर्द्रता जास्त कारणीभूत आहे. तसं काहीच सिद्ध झालेलं नसतं. रचना दाखवायची असेल तर तिन्ही टिका काढून टाका आणि सगळ्या रेघा सारख्या ठेवा. हे पर्याय वापरायचेच असतील तर आकृतीखाली 'वेट्स नमुन्यादाखल' असं स्पष्ट लिहा. न लिहिता छापणं ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे.

जाडीचं गणित एकदा समजून घेतलं की छपाईचा निम्मा त्रास जातो. डाउनलोड केलेली एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) ब्राउझरच्या खिडकीएवढी असते. समजा ती १४०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे साधारण ३७० मिलिमीटर. ए-४ च्या पानात ती १५० मिलिमीटरवर बसवली की सगळं ०.४ पट होतं. अर्धा पिक्सेल जाडीची रेघ मुळात ०.१३ मिलिमीटर, ती कागदावर ०.०५ च्या आसपास उरते. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) लेझर प्रिंटरचा एक ठिपकाच ०.०४ मिलिमीटरचा. म्हणजे रेघ जेमतेम एका ठिपक्याएवढी. त्यात ती राखाडी असली तर प्रिंटर राखाडी छटा ठिपके गाळून तयार करतो आणि रेघ तुटक येते. कागदावर ०.१ मिलिमीटर मिळायला या मापाच्या आकृतीत 'एज विड्थ' निदान १ पिक्सेल हवी. स्क्रीनवर ती जरा जाड वाटेल, वाटू द्यावी.

रेघा जाड केल्यावर गर्दी वाटते म्हणून बहुतेकजण अपारदर्शकता कमी करतात. इथेच चूक होते. अपारदर्शकता ०.४ ठेवली तर एकटी रेघ फिकी दिसते, पण दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ती ०.६४ होते आणि तीन रेघा एकत्र आल्या की ०.७८. आपल्या आकृतीत प्रत्येक हिडन नोडपाशी चार रेघा येऊन मिळतात, म्हणून गोळ्याच्या कडेला काळपट डाग दिसतात आणि मधल्या भागात जाळीसारखी नक्षी उमटते. त्या नक्षीला काही अर्थ नसतो, डोळा मात्र तिथेच अडकतो. त्यापेक्षा अपारदर्शकता पूर्ण १ ठेवून रंगच फिका, मध्यम राखाडी घ्या. एकावर एक आल्या तरी छटा तीच राहते. नोडची कडा मात्र काळी ठेवा, म्हणजे गोळे रेघांच्या पुढे उठून दिसतात.

रंगाबाबत दोन गोष्टी. धन-ऋण वेट्स दाखवायला लाल-हिरवी जोडी घेऊ नका. लाल-हिरवा भेद न कळणारे लोक कमी नाहीत, आणि झेरॉक्समध्ये तर दोन्ही एकाच राखाडीत जातात. टेन्सरफ्लो प्लेग्राउंड या न्यूरल नेटवर्क दाखवणाऱ्या साइटवर निळा आणि केशरी आहे, ती जोडी चांगली. पण काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी निळा चांगला गडद आणि केशरी चांगला फिका घ्यावा लागतो, नाहीतर तेही सारखेच उतरतात. दुसरी गोष्ट, वेटप्रमाणे रंग चालू केला की शून्याजवळच्या वेटच्या रेघा पांढऱ्याकडे झुकतात आणि पांढऱ्या कागदावर दिसेनाशा होतात. मग 'हे दोन नोड जोडलेलेच नाहीत का?' असा प्रश्न तोंडी परीक्षेत येतो.

'यूज बेझिअर कर्व्ह्ज' हा वक्र रेघांचा पर्याय दोन-तीन नोडच्या लेअरला शोभतो. जास्त नोड असले की वक्र रेघा नोडपाशी आडव्या होऊन एकमेकींना चिकटतात आणि कोणती कुठून आली ते कळत नाही. सरळ रेघच बरी. बाणांची टोकं बंद ठेवा. हिडनमधून आउटपुटच्या एकेका नोडवर सहा टोकं येऊन आदळतात आणि गोळा काट्यांनी भरल्यासारखा दिसतो. दिशा दाखवायचीच असेल तर आकृतीखाली डावीकडून उजवीकडे एकच मोठा बाण पुरतो.

लेअरमध्ये ६४ आणि ३२ नोड असतील तर २०४८ रेघा होतात. त्या कोणत्याही सेटिंगने वाचनीय होत नाहीत. अशा वेळी ८-६ नोड काढा, मधे तीन ठिपके घाला आणि खऱ्या संख्या लेबलमध्ये लिहा. ठिपके इंकस्केप या एसव्हीजी संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानेच टाकावे लागतील.

डाउनलोड करण्याआधी डावीकडच्या पट्टीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाइडने हिडन लेअर बदलायला सांगितला की तीच जाडी आणि तेच रंग पुन्हा लावायचे असतात. फाइल इंकस्केपमध्ये उघडल्यावर आधी सगळं निवडून कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, म्हणजे भोवतीची रिकामी जागा जाते. रेघा एकदम बदलायच्या असतील तर एक रेघ निवडून एडिट, सिलेक्ट सेम, स्ट्रोक कलर असं जा. ही युक्ती सगळ्या रेघा एका रंगाच्या असतील तरच चालते. वेटप्रमाणे रंग चालू ठेवून फाइल उतरवली असेल तर प्रत्येक रेघेची छटा वेगळी असते आणि एकेक रेघ धरत बसावं लागतं. काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी ऋण वेटच्या रेघा तुटक करायच्या तर त्याही इथेच करा.

लेबलं मराठीत हवी असतील तर साधनातली लेबलं बंद करून इंकस्केपमध्येच देवनागरीत लिहा आणि शेवटी कंट्रोल-शिफ्ट-सी ने अक्षरांचे पाथ करा. तसं न करता फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये येतात आणि मोजून बसवलेली लेबलं नोडवर चढतात. वर्ड २०१९ मध्ये एसव्हीजी थेट घालता येते. लेटेकसाठी पीडीएफ करून घ्या. पीएनजी करायचीच असेल तर ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका.

खरी वेट्स दाखवायची असतील तर एनएन-एसव्हीजी सोडून ग्राफविझकडे, म्हणजे लिहिलेल्या सूचनांवरून आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावं. तिथे प्रत्येक एजला पेनविड्थ आणि रंग वेगळा देता येतो, ऋण वेटसाठी स्टाइल डॅश्ड ठेवता येते, आणि पायथनमधून ४२ रेघांच्या ४२ ओळी लिहून घेणं काही मोठं काम नाही. रँकडिर डावीकडून उजवीकडे, स्प्लाइन्स लाइन आणि ॲरोहेड नन ठेवा. जाडीसाठी प्रत्येक वेटच्या निरपेक्ष किमतीला सर्वांत मोठ्या किमतीने भागा, २ ने गुणा आणि ०.४ मिळवा, म्हणजे सगळ्यांत बारीक रेघही छापून येते. हा भागाकार पूर्ण नेटवर्कसाठी एकच ठेवा. लेअरनिहाय वेगळा केला तर दोन लेअरमधल्या जाडीची तुलना करता येत नाही. नोडचा क्रम ग्राफविझ स्वतःच्या मनाने बदलू शकतो, त्यासाठी एका लेअरचे नोड रँक-सेममध्ये अदृश्य एजेसनी क्रमाने बांधून घ्या.

एक चूक इथे हमखास होते. केरासच्या डेन्स लेअरमध्ये वेट मॅट्रिक्स इनपुट गुणिले आउटपुट असतं, आपल्या उदाहरणात ४ बाय ६. पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररीच्या लिनिअर लेअरमध्ये ते उलटं, ६ बाय ४. केरासचा कोड जसाच्या तसा पायटॉर्चवर चालवला तर इंडेक्सची एरर येते, आणि ती बरी, निदान चूक कळते. दोन्ही लेअर सारख्या आकाराचे असले, समजा ६ बाय ६, तर एरर येत नाही. आकृती बिनबोभाट तयार होते आणि त्यात पहिल्या नोडची वेट्स भलत्याच रेघांवर बसलेली असतात. त्यामुळे एखादं वेट प्रिंट करून त्याच रेघेच्या जाडीशी हाताने ताडून बघा, मगच फाइल पुढे पाठवा.